लिहायला बसले की हात का थबकतो?

मागच्या महिन्यात बाजारच्या दिवशी संध्याकाळची गर्दी ओसरल्यावर आमच्या ईटचे एक निवृत्त गुरुजी दवाखान्यात आले. वय साठीच्या आसपास. रक्तदाबाच्या गोळ्यांसाठी ते दर महिन्याला येतात. त्यामुळे मी सवयीने दंडाला पट्टा गुंडाळायला हात पुढे केला. गुरुजी म्हणाले, "ते बघू हो नंतर. आज दुसरीच तक्रार आहे. मला लिहिता येईना झालंय."

खरे सांगतो, मी दचकलो. साठीच्या माणसाला लिहिता येईनासे झाले, की डॉक्टरच्या डोक्यात पहिली शंका येते ती मेंदूच्या झटक्याची. मी त्यांना दोन्ही हात पुढे धरायला लावले, हसून दाखवायला सांगितले, कागदावर नाव-गाव लिहायला दिले. अक्षर मोत्यासारखे! तीस-बत्तीस वर्षे फळ्यावर घोटलेले. हाताला काहीही झालेले नव्हते.

मग त्यांनी पिशवीतून एक जाड वही काढून टेबलावर ठेवली. जानेवारी २०२० मध्ये तेव्हाच्या उस्मानाबादेत, म्हणजे आजच्या धाराशिवला, ९३ वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरले होते. फादर फ्रान्सिस दिब्रिटो अध्यक्ष होते. गुरुजी तीनही दिवस गेले होते आणि परत येताना त्यांनी ही वही विकत घेतली होती. निवृत्त झालो की लिहीन, असे ठरवून. निवृत्तीही झाली. वहीत मात्र पहिल्या पानावर एकच ओळ होती. "दिनांक ३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी..." पुढे सगळी पाने कोरी.

वाचकहो, ही तारीख आपल्या जिल्ह्यात कोणाला समजावून सांगावी लागत नाही. अनंत चतुर्दशीचे विसर्जन आटोपून गावे झोपली होती आणि पहाटे लातूर-उस्मानाबादच्या सीमेवरची धरणी हलली. आठ हजारांच्या आसपास माणसे गेली. गुरुजी त्या वेळी उमरगा भागातल्या एका गावी शाळेवर होते. चौथीचा वर्ग त्यांच्याकडे होता. विसर्जनासाठी दोन दिवस ईटला आले म्हणून ते वाचले. भाड्याची खोली जमीनदोस्त झाली होती. हजेरीपटावर २६ नावे होती. त्यांतली ११ मुले पुन्हा दिसली नाहीत.

"त्या लेकरांविषयी लिहून ठेवायचंय, डॉक्टर," गुरुजी म्हणाले. "मी गेल्यावर ती कोणाच्या ध्यानात राहणार? पण पेन उचलतो अन् तसंच ठेवतो. एवढी वर्षं पोरांना निबंध शिकवला. मलाच एक पान होईना."

हा प्रसंग मी त्यांच्या परवानगीने, त्यांचे नाव न देता सांगत आहे. कारण ही तक्रार त्यांच्या एकट्याची नाही.

हा आजार आहे का?

लिहिण्याची इच्छा आहे, लिहिण्यासारखे मनात आहे, हात-डोळे धड आहेत. तरीही कागदापुढे बसले की काही सुचत नाही, किंवा सुचलेले उतरत नाही. या अवस्थेला इंग्रजीत 'रायटर्स ब्लॉक' म्हणतात. व्हिएन्नाहून अमेरिकेत गेलेल्या एडमंड बर्गलर या मानसोपचारतज्ज्ञाने १९४७ च्या सुमारास हा शब्द रूढ केला. बर्गलरने त्याचे मूळ माणसाच्या अगदी बालपणात शोधले होते. ती उपपत्ती आज कोणी फारशी मानत नाही, पण शब्द मात्र टिकला. आपण त्याला साधेपणाने 'लेखणी अडणे' म्हणू.

लेखणी अडणे हा स्वतंत्र रोग नाही. तापासारखे ते एक लक्षण आहे, आणि तापाची कारणे जशी वेगवेगळी असतात तशी याचीही असतात. शिवाय हे फक्त साहित्यिकांना होते असे समजू नका. बारावीची मुलगी घरी धडाधडा उत्तरे सांगते आणि परीक्षेत पहिल्या पानावर अर्धा तास अडकते. बचत गटाच्या सचिव बाईंना बैठकीत सगळे ठाऊक असते, पण इतिवृत्त लिहायचे म्हटले की डोके दुखते. परगावच्या मुलाला पत्र लिहायचे असते, कर्जाच्या अर्जात कारण लिहायचे असते, वडिलांच्या तेराव्याला चार शब्द लिहून न्यायचे असतात. हात थबकतो तो या सगळ्यांचा.

मीही याला अपवाद नाही. माझ्या कॉलेजच्या दिवसांतला मित्र वारला तेव्हा त्याच्या पत्नीला सांत्वनाचे पत्र लिहायला मी सहा वेळा बसलो आणि सहाही कागद फाडले. रोज पन्नास चिठ्ठ्या लिहिणारा माणूस मी! पण ते पत्र अडले ते अडलेच. शेवटी महिन्याने गेले, चार ओळींचे.

नेमके अडते कुठे?

लिहिताना आपला मेंदू एकाच वेळी अनेक कामे करीत असतो. आठवायचे, त्यातून निवडायचे, शब्द शोधायचे, वाक्य जुळवायचे, ऱ्हस्व-दीर्घ सांभाळायचे, हात चालवायचा. तात्पुरते धरून ठेवण्याची मेंदूची जागा लहान असते. तिथे एका वेळी मोजक्याच गोष्टी मावतात. त्यातच "लोक काय म्हणतील?" ही चिंता येऊन बसली, की शब्दांना जागा उरत नाही. भीती जास्त झाली तर शरीरात ॲड्रेनलीन वाढते, तळहात घामेजतात, तोंड कोरडे पडते आणि पाठ केलेलेही आठवत नाही. परीक्षेत मुलांचे होते ते हेच. त्याला आळस किंवा मठ्ठपणा म्हणणे हा अन्याय आहे.

दुसरी गोष्ट म्हणजे लिहिणारा आणि तपासणारा अशी दोन माणसे आपल्या आत असतात. दोघेही हवेत, पण एकापाठोपाठ हवेत. पहिले वाक्य पुरे होण्याआधीच तपासणारा लाल पेन घेऊन उभा राहिला, तर लिहिणारा गप्प बसतो. आमच्या गुरुजींनी आयुष्यभर इतरांच्या वह्या तपासल्या. आता स्वतःची वही उघडली की त्यांच्यातला लिहिणारा येण्याआधी तपासणाराच खुर्चीत बसलेला असे.

माईक रोझ या अमेरिकन अभ्यासकाने लॉस एंजेलिसच्या विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांच्या मुलाखती घेऊन १९८० मध्ये एक उपयुक्त निरीक्षण मांडले. ज्यांची लेखणी अडत होती ती मुले हुशारीत कमी नव्हती. पण त्यांनी डोक्यात ताठर नियम धरून ठेवले होते. सुरुवात आकर्षकच हवी, आराखडा पूर्ण झाल्याशिवाय लिहायचेच नाही, असे नियम. ज्यांचे लिखाण सुरळीत चालत होते त्यांच्याकडेही नियम होते, पण अडचण आली की ते नियम बाजूला ठेवत. आपल्याकडेही निबंध सुविचारानेच सुरू व्हावा, पत्रात मायना चुकता कामा नये, बोलीतला शब्द लिहू नये, अशी बंधने आपण लहानपणापासून वागवतो. ती शिस्तीसाठी ठीक आहेत. पण पहिल्या खर्ड्याला ती फास ठरतात.

आधी शरीराची तपासणी

मनाकडे बोट दाखवण्याआधी शरीर तपासावे, असा माझा आग्रह असतो. लिहिणे बिघडण्यामागे पुढील कारणे असू शकतात.

अचानक लिहिता न येणे, शब्द न आठवणे, बोलणे बोबडे होणे, तोंड वाकडे होणे, एक हात लुळा पडणे : हा मेंदूचा झटका समजावा आणि क्षणभरही न दवडता मोठ्या रुग्णालयात न्यावे. रक्ताची गाठ विरघळवण्याचे इंजेक्शन साधारणपणे पहिल्या साडेचार तासांतच देता येते. तेल चोळणे, उतारा टाकणे यांत हा वेळ घालवू नये.

अक्षर हळूहळू बारीक-बारीक होत जाणे, हालचाली मंद होणे, हात स्वस्थ असताना थरथरणे : ही कंपवाताची, म्हणजे पार्किन्सनची सुरुवात असू शकते.

फक्त लिहितानाच बोटे आखडणे, पेन घट्ट दाबले जाणे, इतर कामे मात्र नीट होणे : याला लिहिणाऱ्याचा पेटका म्हणतात. तलाठी, कारकून, शिक्षक अशा सतत लिहिणाऱ्यांत तो दिसतो. हा मेंदूकडून स्नायूंना जाणाऱ्या आज्ञांतला दोष आहे, ढोंग नव्हे. जाड पेन, पकड बदलणे, व्यायाम आणि काही वेळा तज्ज्ञांकडून स्नायूत दिलेले इंजेक्शन यांचा उपयोग होतो.

डोळे : चाळिशीनंतर जवळचे अंधुक दिसते. माणूस चार ओळींत कंटाळतो आणि समजतो की आपले मन लागत नाही. चष्म्याचा नंबर तपासावा.

थकवा : रक्त कमी असणे, थायरॉईडचे काम मंदावणे, बी-१२ जीवनसत्त्व कमी पडणे यांमुळे विचारांना जडपणा येतो. बी-१२ ची कमतरता शुद्ध शाकाहारी माणसांत आणि मधुमेहासाठी मेटफॉर्मिन वर्षानुवर्षे घेणाऱ्यांत अधिक आढळते. साध्या रक्ततपासणीत हे कळते.

झोप : चार-पाच तासांच्या झोपेवर शेतात खुरपे कदाचित चालेल, पण शब्द चालत नाहीत. काही गोळ्यांनीही गुंगी येते. तसे वाटल्यास डॉक्टरांना विचारा, गोळी आपल्या मनाने बंद करू नका.

नैराश्य : फक्त लिहिणेच नव्हे तर जेवण, नातवंडे, भजन, शेत, कशातच रस उरला नाही, झोप उडाली किंवा फार वाढली, आपण निरुपयोगी आहोत असे वाटते, आणि हे दोन आठवड्यांहून अधिक टिकले आहे. अशा वेळी ही अडलेली लेखणी नसून डिप्रेशन हा आजार आहे. त्यावर खात्रीचे उपचार आहेत. इथे "मन घट्ट करा" हा सल्ला उपयोगाचा नाही.

गुरुजींच्या बाबतीत दोन गोष्टी सापडल्या. चष्मा सहा वर्षांपूर्वीचा होता, आणि पहाटे साडेतीनला त्यांना जाग येत होती. किती वर्षांपासून, असे विचारले तेव्हा त्यांनी नुसते माझ्याकडे पाहिले. आकडा मला कळला.

थोरांचीही लेखणी थांबते

लेखणी अडली म्हणजे आपल्यातले सगळे संपले, अशी अनेकांची समजूत होते. वि. स. खांडेकरांच्या पुस्तकांच्या तारखा पाहा. 'हृदयाची हाक' ही त्यांची पहिली कादंबरी १९३० ची. तिथून १९४२ च्या 'क्रौंचवधा'पर्यंत त्यांच्या दहाहून अधिक कादंबऱ्या आल्या. आणि मग पुढची कादंबरी, 'अश्रू', यायला १९५४ उजाडले. मधली जवळजवळ बारा वर्षे कादंबरी नाही! त्या खंडाला आजाराचे नाव देण्याचा मला अधिकार नाही. कथा आणि इतर लेखन त्या काळातही चालू होते. पण सांगायचे ते असे की त्यांची 'ययाति' ही कादंबरी या खंडानंतरची, १९५९ ची आहे. तिला साहित्य अकादमीचे पारितोषिक मिळाले आणि पुढे १९७४ चा ज्ञानपीठ पुरस्कार खांडेकरांना मिळाला. मराठीला मिळालेले ते पहिले ज्ञानपीठ. मोठी वाट अडली तेव्हा त्यांनी लहान वाटा चालू ठेवल्या. उतारवयात दृष्टी गेली तेव्हा दुसऱ्याला मजकूर सांगून लिहून घेतला, पण काम सोडले नाही.

आमच्या भूम तालुक्यात खव्याच्या भट्ट्या पुष्कळ आहेत. भट्टीवरच्या माणसाला विचारा. पहिल्या उकळीला खवा होत नाही. चार-पाच लिटर दूध आटावे तेव्हा किलोभर खवा पडतो, आणि तोवर उलथणे हलवत राहावे लागते. बराच वेळ कढईत काही घडते आहे असे दिसत नाही. पण हलवणे थांबले तर ते लागते.

काय करावे?

औषधाच्या दुकानात यावर गोळी मिळत नाही. पुढील उपाय बिनखर्चाचे आहेत. सगळे एकदम करू नका. एखादा निवडून पंधरा दिवस करून पाहा.

१) वेळ ठरवा, पाने ठरवू नका. रोज एकाच जागी, एकाच वेळी पंधरा-वीस मिनिटे बसा. सुचो वा न सुचो. रॉबर्ट बॉइस या मानसशास्त्रज्ञाने १९८० च्या दशकात लिखाण अडलेल्या प्राध्यापकांसोबत काम केले. स्फूर्तीची वाट पाहणाऱ्यांपेक्षा ठरलेल्या वेळी थोडे-थोडे लिहिणाऱ्यांचे काम पुष्कळ पुढे गेले, असे त्यांना दिसले. एवढेच नव्हे, तर त्यांना सुचलेही अधिक.

२) पहिला खर्डा वाईटच लिहायचा, असे ठरवा. पाठकोरे कागद घ्या, शिसपेन घ्या. खोडायचे नाही, मागे वळून वाचायचे नाही. तपासणाऱ्याला सांगा, "तुम्ही उद्या या."

३) सुरुवातीपासून सुरुवात करू नका. जे सर्वांत स्पष्ट आठवते ते आधी लिहा, मग ते मधले असो की शेवटचे. परीक्षेतही मुलांनी येणारा प्रश्न आधी सोडवावा. चार ओळी उमटल्या की भीती ओसरते.

४) हात चालत नसेल तर तोंड चालवा. व्यासांनी सांगितले आणि गणपतीने लिहिले, ही कथा आपण ऐकतोच. नेवाशाला ज्ञानेश्वर माउलींनी सांगितले आणि सच्चिदानंद बाबांनी लिहून घेतले, असे आपला वारकरी संप्रदाय मानतो. बहिणाबाई चौधरींना लिहिता येत नव्हते. ओव्या त्यांच्या ओठांवर होत्या. त्यांच्या निधनानंतर १९५२ मध्ये त्यांचे पुस्तक आले, ते कोणीतरी ऐकून उतरवून ठेवले होते म्हणून. आता तर नातवाच्या मोबाईलमध्ये आवाज साठवता येतो. आधी बोला. मग ते ऐकत कागदावर उतरवा.

५) एका माणसाला उद्देशून लिहा. 'वाचकांसाठी' लिहायचे म्हटले की दडपण येते. नातीला सांगतो तसे लिहा. लक्ष्मीबाई टिळक कुठल्या शाळेत गेल्या नव्हत्या, अक्षरे लग्नानंतर गिरवली. त्यांची 'स्मृतिचित्रे' १९३४ पासून प्रसिद्ध होऊ लागली ती घरात बोलतात त्या भाषेत, आणि आजही ती ताजी वाटतात.

६) उद्यासाठी विरजण राखून ठेवा. आपल्या बाया सगळे दही संपवत नाहीत. दुसऱ्या दिवसासाठी चमचाभर ठेवतात. हेमिंग्वे हा अमेरिकन लेखक हेच सांगत असे : पुढे काय लिहायचे ते ठाऊक असतानाच थांबावे. वाक्य अर्धे सोडून उठा. दुसऱ्या दिवशी बसल्या-बसल्या ते पुरे करता येते आणि गाडी चालू होते.

७) अडले की उठा आणि चाला. माळावरून अर्धा तास फेरी मारून या. चालताना शरीराचा ताण उतरतो आणि मनातली गाठ सैल होते. रात्री मात्र झोप मोडून लिहीत बसू नका.

८) तंबाखू, वारंवार चहा आणि दारू यांना लेखणीचे मित्र समजू नका. चहा-तंबाखूने छातीतली धडधड वाढते, झोप उडते. दारूने सुचते हा भ्रम आहे. तिने फक्त तपासणारा झिंगतो, आणि थोड्या वेळाने लिहिणाराही.

पालकांना एक विनंती. मूल वही उघडून नुसते बसले असेल तर पाठीत धपाटा घालू नका. "तोंडी सांग बरं, काय लिहायचंय?" असे विचारा. ते सांगत जाईल. मग म्हणा, "आता हेच लिही."

दुःख लिहिताना

गुरुजींचा प्रश्न मात्र नुसत्या सवयीचा नव्हता. लिहायचे होते तेच दुखरे होते. अशा वेळी लेखणी अडणे हा मनाने घेतलेला बचाव असतो. जखमेवर खपली असते तसा. ती एकदम ओढायची नसते.

१९८६ मध्ये अमेरिकेतल्या टेक्सासमध्ये जेम्स पेनेबेकर आणि त्यांच्या सहकारी यांनी एक प्रयोग केला. कॉलेजच्या काही मुलांना सलग चार दिवस, रोज पंधरा मिनिटे, आयुष्यातल्या सर्वांत क्लेशकारक प्रसंगाविषयी लिहायला सांगितले. इतरांना किरकोळ विषय दिले. लिहून झाल्यावर पहिल्या गटातली मुले अधिक उदास झाली. पण पुढच्या काही महिन्यांत, ज्यांनी घडलेले आणि त्याबद्दल वाटलेले असे दोन्ही लिहिले होते, त्यांना दवाखान्याची पायरी कमी चढावी लागली. त्यानंतर असे प्रयोग अनेक झाले. फायदा होतो, पण तो थोडा असतो आणि सर्वांना होत नाही, असे आता दिसते.

म्हणून पथ्ये सांगतो. घटना अगदी ताजी असेल तर जबरदस्तीने लिहू नका आणि कोणाला लिहायला लावू नका. वेळेला बांध घाला. पंधरा मिनिटे झाली की वही बंद, मग चहा, शेत, नातवंडे. झोपण्यापूर्वी लिहू नका. लिहिल्याने भयंकर स्वप्ने वाढली, प्रसंग पुन्हा घडतो आहे असे वाटू लागले, छाती भरून येऊन ओसरेना, तर थांबा. ते काम एकट्याने करण्याचे नाही. आणि जगणे नकोसे वाटत असेल तर आजच्या आज बोला. 'टेली-मानस' ही सरकारी दूरध्वनी सेवा १४४१६ या क्रमांकावर रात्रंदिवस मोफत चालू असते, मराठीतही बोलता येते. जिल्ह्याच्या ठिकाणी सरकारी रुग्णालयातही मानसोपचार मिळतो. तिथे जाण्यात कमीपणा नाही. मोडलेले हाड आपण पट्टी बांधायला नेतोच ना?

गुरुजींचे काय झाले?

मी गुरुजींना विचारले, "तुमची पहिली ओळ कोणी लिहिलीय?" त्यांना कळेना. मी म्हणालो, "ही तर पंचनाम्याची भाषा आहे. दिनांक, वाजून, मिनिटे. मुलांविषयी लिहायचंय ना तुम्हाला? मग पहाट सोडा. त्याच्या आदल्या आठवड्यात वर्गात काय चाललं होतं?"

गुरुजी बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "एकाची पाटी फुटली होती. मी नवी आणतो म्हणलो होतो."

त्यावर त्यांना पुढे बोलता येईना. मीही घाई केली नाही. त्या दिवशी औषध म्हणून एवढेच ठरले : नवा चष्मा, झोपेसाठी काही पथ्ये, आणि नातवाच्या मोबाईलवर रोज एका मुलाबद्दल पंधरा मिनिटे बोलायचे. हजेरीपटाच्या क्रमाने. गेलेल्या मुलांबद्दलच नव्हे, सव्वीसही मुलांबद्दल. कोण पाढे म्हणायचा, कोण डबा वाटून खायची, कोण कुठल्या बाकावर बसायचा. जमले नाही त्या दिवशी नुसते बसायचे. बाईंना, म्हणजे गुरुजींच्या पत्नीला, मी सांगून ठेवले की पंधरा मिनिटे झाली की हाक मारा.

परवा ते पुन्हा आले. पहाटे साडेतीनची जाग अजून गेलेली नाही. त्यासाठी मी त्यांना धाराशिवच्या तज्ज्ञांना दाखवायला सांगितले आहे आणि ते कबूल झाले आहेत. आधी दोन वेळा ते नाही म्हणाले होते. वहीत १४ पाने भरली आहेत. अक्षर पूर्वीइतके मोत्यासारखे नाही, मध्ये खाडाखोड आहे. मला ती खाडाखोड पाहून बरे वाटले. पहिल्या पानावरची तारीख त्यांनी खोडली नाही, पण तिच्यापुढे काही जोडलेलेही नाही. एका मुलाच्या नावापुढे सबंध पान कोरे आहे. ज्याची पाटी फुटली होती, त्याचे.

"हे पान होईना, डॉक्टर," ते म्हणाले.

मी म्हणालो, "राहू द्या गुरुजी. त्याचं नाव तरी लिहिलंय ना तुम्ही? पुढच्या नावाकडे चला."

वाचकहो, आपल्यापैकी कोणाच्या घरी अशी कोरी वही असेल, तर आज तिच्यात एक नाव लिहा. वाक्य उद्या येईल.

पुढील आठवड्यात : मुतखडा आणि आपले बोअरचे पाणी